आरमोरीचा जड दगड, दख्खनचा काळा पत्थर आणि मुंबईत बनलेलं एक यंत्र

(हा एपिसोड कानांनी ऐकायचा असेल तर आधी इअरफोन लावा. नॉइज कॅन्सलेशनवाले असतील तर उत्तमच. का, ते पुढे कळेल. ज्यांना वाचायचाय, त्यांच्यासाठी पूर्ण मजकूर खाली.)



आजची गोष्ट सुरू होते आरमोरीला. गडचिरोली जिल्हा, वैनगंगेच्या काठचं गाव. बसला वेळ होता म्हणून एका चहाच्या टपरीवर बसलो होतो. टपरीवाल्या काकाजींनी कागद उडू नयेत म्हणून एक काळपट, चमकणारा दगड वर ठेवला होता. मी तो बघतोय हे पाहून म्हणाले, "लोहाऱ्याकडचा गोटा हाय, भाऊ. उचलून पाहा नं, जड लागते."

खरंच जड होता. चंद्रपूर जिल्ह्यातला लोहारा लोहखनिजासाठी जुना प्रसिद्ध. नावातच लोहार बसलाय. या दोन जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात पूर्वी मातीच्या छोट्या भट्ट्यांमध्ये असल्याच दगडांपासून लोखंड काढायचे.

मी काय केलं, तर फोनमधलं मॅग्नेटोमीटरचं ॲप उघडलं. तुमच्या फोनमध्येही हा सेन्सर असतो. नकाशावरचा बाण वळतो तो त्याच्याच जिवावर. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला असतं, आणि स्क्रीनवर आकडा तसाच दिसत होता. दगड फोनच्या कडेला आणला आणि आकडा टुणकन उडाला. दगड दूर, आकडा परत जागेवर. काकाजी खूश! दोन गिऱ्हाइकांनी आपापले फोन काढले.

मग मी बॅगेतून दुसरा दगड काढला. वरोऱ्याकडून आणलेला साधा काळा पत्थर, म्हणजे बेसाल्ट. तो फोनजवळ नेला, तर आकडा जेमतेम थरथरला. तिसरा होता लालसर वालुकाश्माचा तुकडा. काहीच नाही. फोनच्या लेखी तो दगड तिथे नव्हताच.

पण त्या काळ्या आणि लाल दगडांतही चुंबकत्व असतं. आणि त्या क्षीण चुंबकत्वात एका मोठ्या भांडणाचं उत्तर दडलं होतं: भारत आज आहे तिथेच कायम होता, की कुठून तरी सरकत आला? ते उत्तर वाचायला यंत्रं कशी बनली आणि त्यात मुंबईच्या एका छोट्या गटाचा हात कसा होता, ती आजची गोष्ट.

दगडाला काय आठवतं?

आधी थोडं विज्ञान. लाव्हा तापलेला असतो तेव्हा त्यातल्या लोहयुक्त कणांना दिशा नसते. थंड होता होता एका ठरावीक तापमानाखाली ते कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने 'लॉक' होतात. फोटो काढल्यासारखं. नंतर दगड लाखो वर्षं तसाच पडून राहिला, तरी त्याच्या पोटात ती दिशा राहू शकते.

आता महत्त्वाचं. होकायंत्राची सुई फक्त उत्तर दाखवत नाही, ती झुकतेही. विषुववृत्तावर सुई आडवी राहते. उत्तर गोलार्धात तिचं उत्तरेकडचं टोक जमिनीकडे झुकतं, दक्षिण गोलार्धात ते आकाशाकडे उठतं. जितकं ध्रुवाजवळ जाल, तितका झुकाव जास्त. म्हणजे दगडातला झुकाव मोजला, तर तो दगड थंड झाला तेव्हा कोणत्या अक्षांशावर होता ते काढता येतं. दगडाचं जीपीएसच म्हणा ना.

अडचण एकच. हे चुंबकत्व भयंकर क्षीण. वालुकाश्मात तर बेसाल्टपेक्षाही शेकडो-हजारोपट कमी. आणि मोजायचं कुठे बसून? पृथ्वीच्या क्षेत्रात, जे त्या दगडाच्या मानाने राक्षसी आहे. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून कुणी कानात कुजबुजलं तर ऐकू येईल का, तसला प्रश्न.

पंधरा किलो सोनं आणि एक फसलेला सिद्धांत

ही कुजबुज ऐकणारं यंत्र बनलं, पण दगडांसाठी नव्हे. १९४७ साली ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांनी एक कल्पना मांडली: कुठलीही जड वस्तू फिरत असेल तर तिच्यात आपोआप चुंबकत्व येतं, आणि पृथ्वी त्यामुळेच चुंबक आहे. हे तपासायचं कसं? सोपं. एक जड वस्तू घ्यायची, ती पृथ्वीबरोबर फिरतेच आहे, तिच्याजवळ चुंबकीय क्षेत्र सापडतंय का बघायचं. ब्लॅकेटनी यासाठी १० सेंटिमीटर उंच आणि तेवढ्याच रुंद असा शुद्ध सोन्याचा दंडगोल मिळवला. वजन सुमारे १५.२ किलो!

अपेक्षित क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या कोट्यवधी पटींनी लहान. मग जॉड्रेल बँकला, गावापासून दूर, लोखंडाचा खिळाही नसलेल्या खोलीत त्यांनी आपलं 'अस्टॅटिक मॅग्नेटोमीटर' उभं केलं.

त्याची युक्ती ऐका. एका बारीक दांडीवर दोन सारख्या ताकदीचे चिमुकले चुंबक, एक वर, एक खाली, पण उलट दिशांना तोंड करून. दांडी केसाहून बारीक धाग्याला टांगलेली. पृथ्वीचं क्षेत्र वरच्या चुंबकाला जितकं एका बाजूला पिळतं, तितकंच खालच्याला दुसऱ्या बाजूला. बेरीज शून्य. पण खालच्या चुंबकाच्या अगदी जवळ दगड ठेवला, तर त्याचा परिणाम खालच्यावर जास्त, वरच्यावर कमी. दांडी जराशी वळते. दांडीवरच्या आरशातून परतणारा प्रकाशाचा ठिपका मोजपट्टीवर सरकतो, तो वाचायचा.

तुमच्या कानातल्या इअरफोनमध्येही अशीच युक्ती आहे. बाहेरचा आवाज पकडायचा, त्याला उलटा करून मिसळायचा, म्हणजे गोंगाट कटतो आणि माझा आवाज उरतो. या गोष्टीत ती युक्ती पुन्हा येणार आहे.

सोन्याच्या प्रयोगाचं काय झालं? काहीच नाही. क्षेत्र सापडलं नाही. ब्लॅकेटनी १९५२ साली शोधनिबंध छापला, आणि त्याच्या शीर्षकातच 'नकारात्मक प्रयोग' असं लिहून टाकलं. स्वतःचा सिद्धांत स्वतःच्याच यंत्राने खोटा ठरवला आणि तो जगासमोर मांडला. पण यंत्र हातात होतं. ते त्यांनी दगडांकडे वळवलं.

केंब्रिजमधला नापास विद्यार्थी

त्याच सुमारास, १९५१ मध्ये, केंब्रिजला टेड अर्विंग नावाचा तरुण संशोधन करत होता. आल्फ्रेड वेगेनरने १९१२ साली 'खंड सरकतात' असं सांगितलं होतं, पण बहुतेक भूशास्त्रज्ञ त्यावर हसत. अर्विंगने विचार केला, वेगेनर खरा असेल तर सगळ्यात लांबचा प्रवास भारताने केला असणार. मग भारताचेच दगड मोजू. दख्खनचे नमुने मागवले, मोजले. झुकाव सांगत होता की हे दगड दक्षिण गोलार्धात थंड झालेत.

१९५४ मध्ये प्रबंध सादर केला आणि केंब्रिजने पीएचडी नाकारली! अर्विंग ऑस्ट्रेलियाला निघून गेला आणि पुढे या विषयातलं मोठं नाव झाला. पण मूठभर नमुन्यांवर कोण विश्वास ठेवणार? घाटात चढून, थर मोजून, नीट दिशा खुणावून भरपूर दगड गोळा करणं गरजेचं होतं. आणि त्यासाठी दगडांच्या देशातच प्रयोगशाळा हवी होती.

मुंबई: गोंगाटाच्या शहरात कुजबुज

इथे गोष्ट मुंबईत येते. आणि मुंबईचा चुंबकत्वाशी संबंध त्याही आधीचा. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेने नोंदी बिघडणार हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी ओळखलं, आणि १९०४ मध्ये खाडीपलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. लोखंड टाळून, पोरबंदरच्या दगडात बांधलेली. ती आजही चालू आहे. म्हणजे ट्राम कधीच गेली, वेधशाळा राहिली.

स्वातंत्र्यानंतर मुंबईतच टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआरमध्ये, दगडांच्या चुंबकत्वावर काम करणारा गट तयार झाला. पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे, सी. राधाकृष्णमूर्ती आणि पुढे एस. डी. लिखिते. ब्लॅकेटचे सहकारी जॉन क्लेग आणि अर्न्स्ट डॉइच यांनी १९५६ मध्ये भारतीय दगडांवरचा पहिला निबंध छापला होता. मग मुंबईचे आणि लंडनचे लोक जोडीने काम करू लागले. १९५८ मध्ये 'नेचर'मध्ये राजमहालच्या टेकड्यांवरचा निबंध आला, त्यावर क्लेग, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे अशी तीन नावं. १९५९ मध्ये दख्खनच्या पत्थरांवरचा मोठा निबंध: डॉइच, राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे.

काय निघालं त्यातून? दोन गोष्टी.

एक, सह्याद्रीतल्या खालच्या थरांत चुंबकत्व उलटं आणि वरच्या थरांत सुलटं. म्हणजे लाव्हा वाहत असतानाच्या काळात पृथ्वीच्या चुंबकाची टोकं अदलाबदल झाली होती. आपण घाटात गाडी चढवतो तेव्हा एका अशा अदृश्य रेषेवरून जातो, जिच्या खाली उत्तर म्हणजे दक्षिण होती.

दोन, झुकाव. दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. तेव्हा हा भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे ३० अंशांवर होता. आज मुंबई १९ अंश उत्तरेला आहे. हिशेब करा: जवळपास ५० अंश, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर. वर्षाला सरासरी ८ सेंटिमीटर. नापास विद्यार्थ्याचं म्हणणं बरोबर होतं.

पण दगड खोटं बोलत असेल तर?

इथे कोणीही समाधानाने थांबलं असतं. मुंबईचा गट थांबला नाही, आणि मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो.

प्रश्न असा: दगडाची आठवण खरी कशावरून? मेमरी कार्डाचा विचार करा. एक कार्ड दहा वर्षांनीही फोटो जसाच्या तसा दाखवतं. दुसऱ्यावर नवीन फोटो जुन्यावर छापला जातो. तिसऱ्यात काही साठतच नाही. दगडातले चुंबकीय कणही असेच. मोठे कण सहज बदलतात, नंतरच्या क्षेत्राने त्यांची दिशा फिरते. मधल्या आकाराचे, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक कण हट्टी, ते आठवण धरून ठेवतात. आणि त्याहून बारीक कण तर उष्णतेनेच इतके थरथरतात की त्यांच्यात काहीच टिकत नाही. बाहेरून तिन्ही दगड सारखेच काळे. ज्या दगडावर तुम्ही भारताचा प्रवास मोजताय, तो यातला कुठला?

हे कळायला दगडाला छेडून बघावं लागतं. चुंबकीय क्षेत्र एका दिशेने वाढवायचं, कमी करायचं, उलट दिशेने वाढवायचं, पुन्हा कमी. दगडाचं चुंबकत्व मागे मागे येतं, थोडं रेंगाळत. आलेख काढला तर वळसा तयार होतो. त्याला म्हणतात हिस्टेरेसिस लूप. जाडा वळसा म्हणजे हट्टी दगड, सडपातळ वळसा म्हणजे विसराळू.

अडचण पुन्हा गोंगाटाचीच. क्षेत्र तयार करणारा विद्युतचुंबक प्रचंड, आणि दगडाच्या तुकड्याचं उत्तर इवलंसं. संदेश टिपणारी कॉइल आधी विद्युतचुंबकाचाच आवाज ऐकणार. उपाय ओळखीचा आहे: त्या आवाजाच्या विरोधात तेवढाच उलटा आवाज लावायचा. रिकामी जागा शून्य दाखवेपर्यंत जुळवत बसायचं, मग नमुना आत ठेवायचा. जे उरेल ते दगडाचं.

१९६५ मध्ये लिखिते, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी अमेरिकेतल्या 'रिव्ह्यू ऑफ सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट्स' या नियतकालिकात आपलं यंत्र मांडलं: खनिजं आणि दगडांसाठी, एसी विजेवर चालणारा हिस्टेरेसिस लूप ट्रेसर. नमुना ठेवला की वळसा थेट ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर. त्याच वर्षी लिखिते आणि राधाकृष्णमूर्ती यांनी कमी क्षेत्रात दगडाची चुंबकीय संवेदनशीलता मोजणारं उपकरणही प्रसिद्ध केलं.

हे यंत्र दगडांपुरतं राहिलं नाही. फेराइट माहीत आहे का? चार्जरच्या वायरवर जो जाड गोळा असतो, त्यात तेच असतं. पुढच्या कित्येक वर्षांत फेराइटवर काम करणाऱ्या भारतीय प्रयोगशाळांनी चिमूटभर पावडरीचं चुंबकत्व याच धर्तीच्या लूप ट्रेसरवर मोजलं.

आणि दगडांचं काय झालं? मुंबईच्या गटाला दिसलं की सगळे बेसाल्ट सारखे विश्वासू नसतात. काहींमध्ये त्या अतिबारीक, काहीच न धरणाऱ्या कणांचा भरणा आहे. म्हणून दिशा मोजण्याआधी साक्षीदाराची परीक्षा घ्या, असा त्यांचा आग्रह. आपल्याला हवं ते उत्तर मिळाल्यानंतरही साक्षीदार तपासत बसायचं, हे सोपं नसतं हो.

आपल्या जंगलपट्ट्यातले लाल दगड

आता टपरीवरचा तो लाल तुकडा आठवा. आरमोरीच्या आसपासचा खडक फार पुरातन. तिथून पश्चिमेला निघालात की कोळशाच्या पट्ट्यातले वालुकाश्म लागतात, आणि वरोरा-राजुरा भागात दख्खनचा काळा पत्थर सुरू होतो. एका दिवसाच्या बस प्रवासात तीन युगं.

त्या लाल वालुकाश्मांवर डच संशोधकांनी काम केलं. वेन्सिंक यांचा मध्य भारतातल्या लाल थरांवरचा निबंध १९६८ चा, क्लूटवाइक यांचा वर्धा खोऱ्यातल्या लाल थरांवरचा १९७५ चा. हे दगड दख्खनच्या लाव्ह्याहून कितीतरी जुने. इतक्या काळात एका आठवणीवर दुसरी आठवण चढलेली असू शकते. म्हणून नमुना पायरीपायरीने तापवायचा, वरचं चुंबकत्व पुसायचं, प्रत्येक पायरीला मोजायचं. प्रत्येक पायरीला आवाज आणखी बारीक होत जातो, म्हणून यंत्राचा कान आणखी तिखट लागतो.

मोहरीएवढा लोणारचा थेंब

तसा कान साठच्या दशकात मिळाला. १९६२ मध्ये ब्रायन जोसेफसनने भाकीत केलेल्या परिणामावर आधारलेला 'स्क्विड' नावाचा सेन्सर १९६४ मध्ये अमेरिकेत, फोर्ड मोटर कंपनीच्या प्रयोगशाळेत बनला. अतिवाहक धातूचं एक कडं, द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांपर्यंत थंड केलेलं. त्यातून जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात नखाएवढाही नाही, त्याच्या अब्जांश भागाचा फरक पडला तरी ते सांगतं.

याचा उपयोग आपल्या लोणारला झाला. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर म्हणजे बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. आघाताने वितळलेला दगड थेंबांच्या रूपात उडाला आणि हवेतच गोठला. मोहरीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान मणी. एमआयटीच्या बेंजामिन वाइस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या मण्यांचं चुंबकत्व मोजून प्रसिद्ध केलं.

कशासाठी? चंद्रासाठी! अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्राच्या दगडांत चुंबकत्व आहे, पण आज चंद्राला पृथ्वीसारखं क्षेत्र नाही. मग ते आलं कुठून? एक मत असं होतं की उल्का आदळताना क्षणभर प्रबळ चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तसं असेल तर लोणारच्या मण्यांत त्याची खूण हवी. तशा प्रबळ क्षेत्राचा पुरावा त्यांत सापडला नाही. ब्लॅकेटच्या सोन्यासारखंच, इथेही 'नाही' हे उत्तर कामाचं ठरलं.

शेवट पुन्हा आरमोरीत

आरमोरी तालुक्यातच वैरागड आहे. जुना किल्ला, आणि एकेकाळी हिऱ्यांच्या खाणींसाठी नाव असलेलं ठिकाण. 'आइन-ए-अकबरी'तही तिथल्या हिऱ्यांचा उल्लेख येतो.

आणि आज सूक्ष्म नमुन्यांचं चुंबकत्व बघायला जगभर जे नवं यंत्र वापरलं जातंय, ते हिऱ्याचं आहे! खाणीतला नव्हे, प्रयोगशाळेत वाढवलेला. हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची जाळी. तिच्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन बसवायचा आणि शेजारची जागा रिकामी सोडायची. अशा हिऱ्यावर हिरवा प्रकाश टाकला की तो लाल चमकतो. वरून सुमारे २.८७ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी सोडल्या, तर जवळच्या चुंबकीय क्षेत्रानुसार ती चमक कमी-जास्त होते. तुमचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे शेजारचीच गल्ली. द्रवरूप हेलियम नको, खोलीच्या तापमानाला काम होतं. दगडाचा पातळ काप हिऱ्यावर ठेवायचा आणि कणाकणाच्या चुंबकत्वाचा चक्क नकाशा काढायचा. अख्ख्या दगडाची सरासरी घेण्याऐवजी हट्टी कण कुठला आणि विसराळू कुठला, हे वेगवेगळं बघता येतं. लिखिते आणि सहकाऱ्यांना १९६५ मध्ये जो प्रश्न पडला होता, तोच.

मुंबईतही हे काम चालू आहे. आयआयटी बॉम्बेत प्राध्यापक कस्तुरी साहा यांचा गट या हिऱ्याच्या सेन्सरवर काम करतो, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आयआयटी बॉम्बे आणि टीसीएस यांनी चिपच्या आतलं चुंबकीय क्षेत्र बघणारं देशातलं पहिलं क्वांटम डायमंड इमेजर बनवण्यासाठी हातमिळवणी जाहीर केली.

बस आली तेव्हा काकाजींनी दगड परत कागदांवर ठेवला. मी त्यांना विचारलं, लाल दगडाचा आकडा का हलला नसेल? ते म्हणाले, "तुमचा फोन लहान पडते नं." बरोबर आहे. दगडात काही नाही, असं फोनवरून ठरवायचं नसतं.

आता तुमचं काम. फोनमधलं ॲप उघडा, कव्हरला चुंबक असेल तर कव्हर काढा, आणि गावातले दगड एकेक करून जवळ आणा. कुठला दगड आकडा हलवतो ते लिहून ठेवा. आणि जो हलवत नाही, तो फेकू नका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या!